भरतीची जागा: वाशीतल्या एका धारण तलावाचं प्रकरण

जुलैतली रात्र होती. पाऊस संध्याकाळपासून लागलेला आणि भरती दीडच्या सुमाराला. सव्वाबाराला आमच्या सोसायटीच्या वॉचमनने बेल वाजवली. "मॅडम, मीटरच्या खोलीत पाणी येतंय." खाली गेले तर अंगणातल्या गटाराच्या जाळीतून पाणी उसळून वर येत होतं. पावसाचं पाणी खाली जाताना आपण रोज पाहतो, ते जमिनीतून वर येताना पाहिलं की पोटात गोळा येतो. तळमजल्यावरच्या आजींचा पलंग आम्ही चौघांनी मिळून विटांवर चढवला, फ्रिजची वायर काढली, मेन स्विच पाडला आणि जिन्यात बसून राहिलो. पहाटे साडेतीनला पाणी ओसरायला लागलं. पाऊस मात्र तेव्हाही तसाच कोसळत होता.

या प्रकरणाची किल्ली याच तपशिलात आहे. पाऊस थांबला नव्हता, तरी पाणी गेलं. पाऊस होता तेवढाच होता, फरक पडला तो खाडीत. ओहोटी सुरू झाली, घराजवळच्या धारण तलावाच्या तोंडाशी असलेली झडप उघडली आणि सेक्टरभर कोंडलेलं पाणी सुटलं. मी नगररचना शिकले आहे, वीस वर्षं नकाशे काढले आहेत. पण माझ्या घरापासून सात मिनिटांवर असलेल्या त्या तलावाकडे 'फेरफटका मारायची जागा' यापलीकडे मी कधी पाहिलंच नव्हतं, हे त्या जिन्यात बसल्यावर मला कळलं.

तलाव कशासाठी

नवी मुंबईतल्या वाशी, नेरुळ, बेलापूर या नोडचा (शहराच्या आखीव विभागांचा) बराचसा भाग खाजणावर, म्हणजे भरतीचं पाणी चढणाऱ्या दलदलीवर, भराव घालून उभा राहिला. यातले अनेक भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. म्हणून आखणी करतानाच नेदरलँड्सच्या धर्तीवर धारण तलावांची सोय केली गेली. भरतीच्या वेळी खाडी वर असते तेव्हा झडपा मिटतात आणि समुद्राचं पाणी शहरात शिरत नाही. त्याच वेळी पाऊस पडत असेल तर नाल्यांचं पाणी तलावात साठत राहतं. ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि साठलेलं पाणी खाडीत जातं. या सगळ्याला ना वीज लागते ना पंप. बाहेरच्या पाण्याचा दाब जास्त झाला की दार आपोआप मिटतं, आतला दाब वाढला की आपोआप उघडतं.

हे मी शेजारच्या गावातल्या एका आगरी काकांना मोठ्या उत्साहाने समजावून सांगत होते. वय पंचाहत्तरीच्या पुढे, तरुणपणी खारजमिनीत भात लावलेला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं पोरी, ही तर उघाडी."

खरंच तशीच होती. ठाणे-रायगडच्या खाडीकाठी शेतकऱ्यांनी मातीचे बांध घालून खाजणं शेतीखाली आणली. त्या बांधात जागोजाग लाकडी दारांची उघाडी ठेवली. भरतीला ती मिटायची, ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडायची. बांधाला खांड पडली तर खारं पाणी शेतात घुसून भात जळायचा, म्हणून उघाडीची देखभाल ही सगळ्या गावाची जबाबदारी असायची. पावसाळ्याआधी माणसं एकत्र येऊन बांधबंदिस्ती करायची. आतल्या डबक्यात जिताडा मासा वाढायचा, त्यावर मुलं पोसली जायची. काकांच्या सांगण्यानुसार गावात दारावर नेमलेला एक माणूस असायचा आणि त्याला धान्यात वाटा मिळायचा. म्हणजे पाणी राखणं हे गावाच्या हिशेबात बसवलेलं काम होतं, आणि त्या कामाची मजुरी होती.

आमच्या तलावाच्या झडपेवर कोण नेमलेलं आहे, हे शोधायला मला तीन महिने लागले. एका खात्याने दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने पहिल्याकडे. शेवटी ज्या कनिष्ठ अभियंत्यांनी मनापासून मदत केली, त्यांच्याकडेही झडपेच्या नोंदीची वही नव्हती. झडपेजवळ प्रत्यक्ष गेलो तेव्हा जे दिसलं ते असं: बिजागरीवर शंखशिंपल्यांचा थर, दाराच्या खालच्या कडेत अडकलेला थर्माकोल, दोन नारळ आणि निर्माल्याची एक प्लास्टिक पिशवी. दार पूर्ण मिटत नव्हतं आणि पूर्ण उघडतही नव्हतं. भरतीचं पाणी आत येत होतं, पावसाचं बाहेर जाताना अडखळत होतं. आजींच्या पलंगाखाली पाणी कसं आलं, याचं निम्मं उत्तर त्या दोन नारळांत होतं.

उरलेलं निम्मं

उरलेलं निम्मं उत्तर गाळात आहे, आणि ते सोपं नाही.

खाडीचं पाणी गढूळ असतं. झडप नीट मिटत नसेल तर दर भरतीला थोडा गाळ आत येतो आणि तिथेच बसतो. दिवसाला दोन भरत्या, अशी कित्येक वर्षं. गाळ वर आला की त्यावर तिवराची, म्हणजे खारफुटीच्या झाडाची, बी रुजते. तिवर रुजलं की त्याची श्वासमुळं आणखी गाळ धरून ठेवतात. आज आमच्या तलावाच्या मोठ्या भागात पाणी दिसतच नाही, तिवरांचं दाट रान दिसतं. सकाळी तिथे बगळे आणि खंड्या असतात. मला ते रान मनापासून आवडतं, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा हिशेब त्याच्या विरोधात जातो.

एक हेक्टर तलावात एक मीटर गाळ साठला, तर एक कोटी लिटर पाणी साठवायची जागा गेली. एक हेक्टर जमिनीवर 100 मिलिमीटर पाऊस पडला की दहा लाख लिटर पाणी होतं. म्हणजे तेवढ्या गाळामुळे दहा हेक्टर वस्तीचं एका जोरदार पावसाचं पाणी बेघर झालं. ते कुठेतरी जाणारच, आणि ते मीटरच्या खोलीत जातं.

मग गाळ काढा की! सोसायटीच्या सभेत हेच वाक्य सगळ्यांत मोठ्या आवाजात आलं. पण तिवरं तोडता येत नाहीत, आणि ती न तोडता येण्यामागे सबळ कारण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये अंतरिम आदेशाने आणि सप्टेंबर 2018 मध्ये अंतिम निकालाने राज्यभर खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली. खारफुटीपासून 50 मीटरच्या पट्ट्यात बांधकामालाही मनाई केली. सार्वजनिक हितासाठी अपरिहार्य असेल तरच, आणि तेही न्यायालयाच्या परवानगीने, तोड करता येते. हा निकाल आला नसता तर ठाणे खाडीच्या काठाचं काय झालं असतं, याची कल्पना इथे राहणाऱ्या कुणालाही करता येईल. 2022 मध्ये हीच खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, 6,500 हेक्टरांहून थोडं जास्त क्षेत्र. पाम बीच रोडच्या कडेला फ्लेमिंगो बघायला गाड्या थांबतात त्या याच खाडीसाठी.

तेव्हा पेच असा: माणसांना बुडण्यापासून वाचवायला केलेल्या तलावात, माणसांना लाटांपासून वाचवणारी झाडं उगवली. दोघांपैकी कुणाला हाकलायचं?

सभेतली चार मतं

सभेला पन्नासेक माणसं होती. पहिलं मत तळमजल्याचं: पोकलेन लावा, गाळ उपसा, झाडांचं पुढे बघू. त्यांच्यावर चिडणं मला शक्य नव्हतं, रात्रभर पाण्यात पाय ठेवून बसलेली माणसं ती. दुसरं मत पक्षीप्रेमींचं: तलावाला हातच लावू नका, मोठे पंप बसवा. पंप मदत करतात हे खरं आहे. पण डिझेल संपलं, वीज गेली की तो फक्त लोखंडाचा ठोकळा असतो, आणि जोराच्या पावसात वीज हमखास जाते. तिसरं मत गावातल्या मासेमारांचं, आणि ते फार थोडक्यात मांडलं गेलं: आमच्या होड्यांची वाट गाळाने बुजली आहे, ती मोकळी करा, बाकी तुमचं तुम्ही ठरवा.

चौथं मत मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. चांगल्या कपड्यातले एक गृहस्थ उठले आणि शांतपणे म्हणाले, "एवीतेवी तलाव भरलाच आहे. वर्षातले साडेअकरा महिने त्या जागेचा काही उपयोग नाही. आज वाशीत जमिनीचा भाव काय आहे? कडेने भराव घालून पार्किंग केलं, फूड कोर्ट केलं, तर त्या पैशात पंपही येतील आणि पंपांचं डिझेलही."

कुणी हसलं नाही. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. त्यांचं बोलणं वेडेपणाचं नव्हतंच. हे शहर ज्या रीतीने उभं राहिलं, तीच रीत ते बोलून दाखवत होते.

जमीन हे मुद्दल

1965 मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' नियतकालिकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. 1970 मध्ये ते शहर उभारायला सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. सरकारचं सुरुवातीचं भांडवल 3.95 कोटी रुपये, आणि उभारायचं होतं 344 चौरस किलोमीटरचं शहर, 95 गावांच्या जमिनीवर. पैसा जमिनीतूनच येणार होता: जमीन संपादन करायची, विकसित करायची, विकायची आणि त्या पैशातून रस्ते, पाणी, स्टेशनं बांधायची. वाढलेला भाव सट्टेबाजाच्या खिशात न जाता शहराच्या कामी यावा, हा विचार धाडसी होता आणि मला आजही न्याय्य वाटतो. 1992 मध्ये लोकल मानखुर्दहून वाशीत आली. त्या मार्गाच्या खर्चाचा दोन तृतीयांश वाटा याच पद्धतीने उभा राहिला. त्या लोकलने रोज कॉलेजला गेलेली मी, त्या पद्धतीला नावं कशी ठेवू?

त्या जमिनीची किंमत ज्यांनी मोजली त्यांची आठवण मात्र इथे हवीच. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-जासई परिसरात शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्यांना परत देण्याचं तत्त्व त्या रक्तातून आलं.

अडचण पुढे सुरू होते. जमीन विकून शहर चालवायची सवय लागली की विकायला जमीन लागतच राहते. घरातलं वडिलोपार्जित शेत विकून आलेल्या पैशाला कुणी कमाई म्हटलं असतं तर माझ्या आजोबांनी काठीच उचलली असती. ते मुद्दल असतं, ते एकदाच विकता येतं. शहराच्या ताळेबंदात मात्र भूखंडाची विक्री उत्पन्नात धरली जाते आणि धारण तलावाचा गाळ उपसणं खर्चात. तलावाने एका रात्रीत किती घरं कोरडी ठेवली, हे मांडायला त्या वहीत रकानाच नाही. म्हणून विकला न गेलेला प्रत्येक तुकडा 'पडीक' दिसतो. माझ्या पेशातल्या लोकांनीही नकाशावर त्याला वर्षानुवर्षं पांढरा ठेवला आहे. मीही ठेवला आहे.

जमीन विकत आणि बांधत राहण्यापलीकडचं नगरनियोजन म्हणजे गरिबीत राहणं, अशी समजूत सभेत दिसली. मला त्यापेक्षा फार साधी गोष्ट म्हणायची आहे. शहराने आधी ठरवावं की कोणती जमीन कधीच विकायची नाही, कारण ती आधीपासूनच कामावर आहे. मग उरलेल्यात काय बांधायचं ते बोलू. आज क्रम उलटा आहे. किती चटईक्षेत्र (भूखंडावर किती बांधकाम) देता येईल, त्यातून किती अधिमूल्य (जादा बांधकामासाठी भरायची रक्कम) येईल हे आधी, आणि त्या इमारतींवर पडलेलं पाणी कुठे जाईल हे 'पावसाळापूर्व कामां'त. वाशीतल्या सिडकोच्या जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. त्या व्हायलाच हव्यात, सिडकोने बांधलेल्या जेएन टाइपच्या घरांत प्लास्टर अंगावर पडण्याची भीती घेऊन माणसं राहिली आहेत. पण चार मजल्यांच्या जागी टॉवर येतो तेव्हा अंगणातली माती जाते, तळघरातलं पार्किंग येतं आणि गटाराची रुंदी तीच राहते.

शिवाय समुद्र वर येतो आहे. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) 2021 च्या अहवालानुसार 1901 ते 2018 या काळात जगातली सरासरी समुद्रपातळी सुमारे 20 सेंटिमीटरने वाढली. वीतभर वाटतं हे. पण उघाडीच्या भाषेत बोलायचं तर खाडीची पातळी जितकी वर, तितकं दार कमी वेळ उघडं. दार कमी वेळ उघडं म्हणजे आत पाणी जास्त वेळ धरायला हवं. म्हणजे पुढच्या पन्नास वर्षांत या शहराला धारणेची जागा आजच्यापेक्षा जास्त लागणार, आणि आपण तिच्यावर फूड कोर्टाची चर्चा करतो आहोत.

ज्यांच्याकडून घेतलं ते काय करतात

ज्या नेदरलँड्सचं नाव आपण घेतो, त्यांनी स्वतःचं धोरण बदललं. 1993 आणि 1995 मध्ये तिथल्या नद्यांना पूर आले. 1995 मध्ये अडीच लाख माणसांना घरं सोडून हलावं लागलं. पिढ्यान्‌पिढ्या बांध उंच करत आलेल्या त्या देशाने मग 'रूम फॉर द रिव्हर' नावाचा कार्यक्रम घेतला: तीसहून अधिक ठिकाणी बांध मागे घेतले, पात्रं मोकळी केली, काही शेतं पुराला परत दिली. रॉटरडॅममध्ये 2013 साली बेन्थेमप्लाइन नावाचा चौक खोलगट बांधला. कोरड्या दिवशी मुलं तिथे बास्केटबॉल खेळतात, पावसात तिथे 17 लाख लिटर पाणी थांबतं.

हे वाचून मी आमच्या सेक्टरच्या शाळेचं मैदान पावलांनी मोजलं. साधारण अडीच हजार चौरस मीटर. ते फक्त 40 सेंटिमीटर खोल केलं, गुडघ्याच्याही खाली, तर दहा लाख लिटर पाणी. एका हेक्टरावर पडलेला 100 मिलिमीटर पाऊस तिथे दोन-तीन तास बसून राहू शकतो आणि ओहोटी लागली की नाल्यातून निघून जाऊ शकतो. पावसाळ्यात मैदानावर तसाही चिखलच असतो. अशी मैदानं, बागा, बाजाराबाहेरची पार्किंगं, नव्या टॉवरची अंगणं एकेक करून जोडत गेलो तर गाळाने खाल्लेली जागा तिवराला हात न लावता बरीचशी परत मिळवता येते. मग तलावातलं तिवराचं रान तसंच राहू शकतं. उपसायचा तो फक्त मधला प्रवाह आणि झडपेसमोरचा भाग, जिथे झाडं नाहीत. होड्यांची वाटही त्याच प्रवाहातून जाते.

सभेत मी हे मांडलं तेव्हा तळमजल्यावरच्या आजींनी विचारलं, "तोपर्यंत माझ्या पलंगाचं काय?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. झडप एवढंच म्हणता आलं.

काय झालं, काय अडलं

झडप झाली. त्या अभियंत्यांनी मे महिन्यात दार काढून घेतलं, बिजागऱ्या बदलल्या, खालच्या कडेला रबर बसवलं. समोर कचरा अडवायची जाळी लावली. जाळी दर आठवड्याला साफ करायची जबाबदारी लेखी कुणाचीच नाही. सध्या आमच्यातले दोघे आणि काकांचा नातू ते काम करतात. हे टिकाऊ नाही. काकांचं म्हणणं सरळ आहे: दारावर बसणाऱ्याला वाटा द्या. पालिकेच्या भाषेत सांगायचं तर पगारी पद. एका माणसाचा वर्षाचा पगार आणि बुडालेल्या एकाच इमारतीच्या लिफ्टच्या दुरुस्तीचं बिल शेजारी ठेवून बघावं.

मधला प्रवाह उपसायची परवानगी अजून कागदावर आहे. सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम), कांदळवन कक्ष (वन खात्याचा खारफुटी विभाग), न्यायालय अशा पायऱ्या आहेत आणि त्या असाव्यात असंच माझं मत आहे. 'गाळ काढतो' म्हणत आत शिरलेलं पोकलेन कुठे थांबेल याचा भरवसा मला नाही.

शाळेच्या मैदानाला विश्वस्तांनी तत्त्वतः होकार दिला, मग पालकांच्या सभेत मुलं बुडतील अशी भीती निघाली. भीती खोटी नाही. दोन बाजूंनी पायऱ्या, पावसात बंद राहील असं फाटक, पाणी उतरेपर्यंत थांबणारा माणूस, एवढं आराखड्यात घालून आम्ही पुन्हा जाणार आहोत. नवी मुंबई पालिकेच्या 2022 च्या प्रारूप विकास आराखड्यावर हजारोंनी हरकती गेल्या, त्यांत अनेक भूखंडांच्या आरक्षणाबद्दल होत्या. पुढच्या वेळी आमची सूचना एका ओळीची असेल: प्रत्येक पुनर्विकास परवानगीवर चटईक्षेत्राच्या शेजारी त्या भूखंडाने किती लिटर पाणी किती तास धरायचं तो आकडा लिहावा.

एक काम मात्र आमच्या हातातलं होतं. कॉलेजच्या मुलांना घेऊन सेक्टरमधल्या इमारतींवर त्या जुलैच्या रात्रीच्या पाण्याची रेघ काढायची, निळ्या ऑइलपेंटने, तारीख आणि भरतीची वेळ घालून. पहिल्या पाच सोसायट्यांनी आनंदाने काढू दिली. सहाव्या सोसायटीचे सचिव म्हणाले, रेघ बाहेर दिसली तर फ्लॅटचा भाव पडेल. दोघांची घरं विक्रीला आहेत, एकाच्या मुलीचं शिक्षण त्यावर अडलं आहे. बराच वेळ बोललो. शेवटी त्यांनी मीटरच्या खोलीचं कुलूप उघडून दिलं. रेघ तिथे आहे, आतल्या भिंतीवर, सातव्या मीटरच्या बरोबर खाली.